दोन्ही चवडे टेकतील अशी गाडी

भांडुप,
रविवार दुपार

प्रिय सोन्या,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, "आई, या वयात गिअरची गाडी कशाला? स्कूटर घे. आणि बाइकच घ्यायची असेल तर मग सरळ साडेतीनशे सीसीची घे, टॅक्सपण कमी झालाय." मला ड्यूटीला निघायचं होतं, बाबांचं पान वाढायचं होतं, म्हणून 'बघू' म्हटलं आणि फोन ठेवला. पण माझं ठरलेलं आहे. फोनवर सांगायला बसले की तू मध्येच बोलतोस, म्हणून लिहिते आहे. शांतपणे वाच.

लायसन्स हातात येऊन आता पंधरा दिवस झाले. लर्निंगच्या वेळी वय चाळिशीच्या पुढे म्हणून डॉक्टरचं सर्टिफिकेट, तो १-अ फॉर्म, लागला. आमच्या डॉक्टरांना मी स्पष्ट सांगितलं होतं, ओळखीची सिस्टर म्हणून सही करू नका, डोळे आणि मान खरोखर तपासा. त्यांनी तपासलं. टेस्टला आठ काढताना माझा पाय एकदाही खाली आला नाही. पन्नाशी ओलांडून काढलेलं लायसन्स वयाच्या साठाव्या वर्षापर्यंतच चालतं, मग पुन्हा रिन्यू करायचं. कार्डावरची ती तारीख वाचली आणि हिशेब केला, माझ्या हातात नऊ वर्षं आहेत. ही नऊ वर्षं मला चांगली चालवायची आहेत. त्यामुळे पहिली गाडी कोणती, हा माझ्यासाठी हौसेपेक्षा मोठा प्रश्न आहे.

आधी स्कूटरचं सांगते. स्कूटर वाईट नाही. पण तुझ्या मावशीच्या अॅक्टिव्हावर मागे बसून मी कितीदा एलबीएस मार्गाने गेले आहे. मेट्रो ४ च्या खांबांच्या बाजूने जिथे रस्ता एकसारखा उकरून पुन्हा बुजवला आहे, तिथे ते मागचं १० इंची चाक खड्ड्यात आख्खं उतरतं आणि दणका थेट कण्याला बसतो. मोटरसायकलचं १७-१८ इंची चाक त्याच खड्ड्यावरून बरंचसं वरच्या वर निघून जातं. पेव्हर ब्लॉक उखडलेले असले की तर फरक लगेच कळतो. हे एक कारण. दुसरं कारण, मला गिअर टाकायला आवडतं. क्लच सोडता सोडता गाडी हळूच पुढे सरकते तो क्षण मला फार आवडतो. त्याचं मी आणखी काही स्पष्टीकरण देणार नाही.

आता तुझ्या साडेतीनशेकडे येते. खरं सांगू, मलाही ती दिसायला आवडते. रॉयल एनफिल्डची क्लासिक ३५० शोरूममध्ये उभी असली की नजर तिच्यावरच जाते. तू म्हणतोस तसं सप्टेंबर २०२५ मध्ये ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, हेही खरं. पण तो सगळ्यांनाच लागू झाला, छोट्या गाड्यांनाही. म्हणजे निर्णय परत होता तिथेच येतो.

गेल्या महिन्यात आमच्या वॉर्डातल्या एका ब्रदरची साडेतीनशे मी हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये हातात घेऊन पाहिली. चालवायची नव्हती, नुसती बाहेर काढायची होती. जागा उताराची, पुढचं चाक भिंतीकडे, दोन्ही बाजूंना हँडलला हँडल लागलेल्या गाड्या. साइड स्टँड काढला आणि गाडी सरळ केली तोवर ठीक होतं. मग चढावर मागे ढकलायला गेले तर ती जागची हलेना. पाय मागे रोवून पुन्हा जोर लावला, तशी गाडी जेमतेम वीतभर मागे आली आणि माझ्या विरुद्ध बाजूला कलायला लागली. किती, तर एवढीशीच, चार बोटं. पण त्या चार बोटांमध्ये मला कळलं की याच्या पुढे गेली तर मी हिला धरू शकणार नाही. ब्रदरने पलीकडून हात लावला म्हणून निभावलं. क्लासिकचं वजन १९५ किलो आहे. माझं ५८. गाडी चालू लागली की वजन जाणवत नाही असं सगळे सांगतात आणि ते बरोबरच आहे. पण आपल्या सोसायटीतली पार्किंगची जागा तू विसरलास का? तिथून रोज पहाटे ती एकटीने मागे ओढून काढायची आहे, तेव्हा ती चालू नसते.

शिवाय तिची ताकद मी वापरणार कुठे? सी लिंकवर दुचाकी चालत नाही. कोस्टल रोडवर नाही, ईस्टर्न फ्रीवेवर नाही, अटल सेतूवर नाही. पुण्याला तुझ्याकडे यायचं तर एक्स्प्रेस वेही बंद, जुन्या रस्त्यानेच यावं लागणार. माझ्या वाट्याला उरतात एलबीएस आणि ईस्टर्न एक्स्प्रेस हायवे, भांडुप ते सायन, पंधरा-सोळा किलोमीटर. तिथे पहाटे थोडा वेग मिळतो, परतताना विक्रोळी-घाटकोपरला पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्येच जीव जातो. तासन् तास हाफ क्लचवर डाव्या हाताची बोटं दाबून धरायची. क्लच हलका हवा, हे मी तिथेच शिकले.

सगळे सीसी विचारतात. मी शोरूममध्ये जायच्या आधी घरी माप काढलं. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभी राहिले, मांड्यांच्या मध्ये जाड वही आडवी धरून वर घट्ट ओढली आणि तिच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत टेप लावली. ७५ सेंटिमीटर. उंची पाच फूट तीन इंच असली तरी कामाचा आकडा हा. मग प्रत्येक गाडीच्या सीटची उंची त्याच्याशी ताडून पाहिली. त्यातही एक गोम आहे. दोन गाड्यांची उंची कागदावर सारखी असली तरी जिची सीट पुढे टाकीजवळ निमुळती, तिच्यावर पाय सरळ खाली जातात आणि जिची रुंद, तिच्यावर पाय फाकतात आणि टाचा वर राहतात. म्हणून प्रत्येक गाडीवर बूट घालून बसून पाहिलं. सेल्समन मुलगा कंटाळला, पण मी घाई केली नाही.

बजाजची अव्हेंजर बसल्या बसल्या आवडली, सीट अवघी ७३७ मिलिमीटर, दोन्ही तळवे पूर्ण टेकतात. पण तिचे फुटरेस्ट पुढे असतात, त्यामुळे खड्डा आला की पायांवर भार घेऊन ढुंगण जरा उचलावं, ते जमत नाही. सगळा दणका माकडहाडाला. अठ्ठावीस वर्षं ऑर्थोच्या वॉर्डात काढल्यावर मी ते मुद्दाम विकत घेणार नाही. स्प्लेंडर मी पाहिलेल्यांत सगळ्यात हलकी, ११२ किलो, अगदी घरच्यासारखी वाटते. ती मी जवळजवळ घेतलीच होती. अडलं ते ब्रेकवर.

ब्रेकबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण तूही गाडी चालवतोस. २०१९ च्या नियमाने १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक लॉक होऊ न देणारी सोय, सक्तीचं झालं, १२५ आणि खालच्यांना, म्हणजे स्प्लेंडरसारख्यांना, सीबीएसवर भागलं. सीबीएसमध्ये मागचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो, एवढंच. चाक लॉक होणं, म्हणजे फिरायचं थांबून घसरणं, ते थांबवत नाही. ब्रेक मारला की गाडीचा भार पुढे येतो, म्हणून थांबवायचं खरं काम पुढचं चाक करतं, आणि ओल्या रस्त्यावर तेच लॉक झालं की माणूस जमिनीवर. पहिल्या पावसात रस्त्यावरचं तेल वर येतं तेव्हा, झेब्रा क्रॉसिंगच्या पांढऱ्या पट्ट्यांवर, खोदकामावर टाकलेल्या लोखंडी पत्र्यांवर. नवशिक्या माणूस घाबरला की मुठीतलं सगळं बळ त्या लिव्हरवर काढतो. मीही काढीन. दरवर्षी जूनचा दुसरा आठवडा आला की आमच्या वॉर्डात कॉट कमी पडतात, हे मी तुला लहानपणापासून घरी येऊन सांगत आले आहे. नडगीची हाडं मोडलेली पोरं, तुझ्या वयाची. त्यांच्यातले किती जण मला सांगतात, "सिस्टर, ब्रेक मारला आणि गाडी खालून निघूनच गेली." ते वाक्य ऐकून ऐकून माझ्या हाडात बसलं आहे. म्हणून पुढे डिस्क आणि एबीएस, याच्यापुढे मी अॅव्हरेजही बघितलं नाही.

वेग दीडपट झाला, चाळीसचा साठ झाला, की ब्रेक लागल्यापासून थांबायला लागणारं अंतर सव्वादोन पट होतं. हे तू शाळेत शिकला आहेस. गाडी चालवताना आठवत जा.

तर माझी गाडी होंडाची युनिकॉर्न. १६० सीसी, वजन सुमारे १४० किलो, सीट ७९८ मिलिमीटर. दोन्ही पायांचे चवडे नीट टेकतात, आणि जरा एका बाजूला सरकलं की एक तळवा पूर्ण. पुढे डिस्क, एबीएस, दोन्ही चाकं १८ इंची, टायर ट्यूबलेस. मागचा ब्रेक ड्रम आहे, तो मला चालेल. दिसायला साधी आहे. तू म्हणशील, ऑफिसला जाणाऱ्या काकांची गाडी. असू दे. टेस्ट राइडला मी ती शोरूमच्या मागच्या गल्लीत नेली, टेम्पो आडवा आला, थांबवली, पाय टेकले आणि इंजिन बंद न पडता पुन्हा निघाले. छातीत धडधडलं नाही. त्याच वळणावर माझं ठरलं.

सीट लांब आणि सपाट आहे, कारण मागे बाबा बसणार आहेत. बाबा ७८ किलोचे. पहिले तीन महिने मी कुणालाही मागे बसवणार नाही, त्यांनाही नाही, हे सांगितलं तेव्हा ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दोन हेल्मेट घेऊन आले, पूर्ण तोंड झाकणारी, आयएसआयची. माझ्या डोक्याचं माप त्यांनी मी झोपले असताना घेतलं होतं म्हणे, कपाळावरून टेप फिरवून, ५६. मला अगदी घट्ट, गालांना दाबून बसतं, हवं तसंच. मुंबईत मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट लागतं, पण त्यांनी ते दंडासाठी आणलेलं नाही. सोन्या, तू मागे मित्रांना बसवतोस तेव्हा त्यांच्या डोक्यावर काय असतं?

चष्म्याचं एक तुला माहीत नसेल. माझा प्रोग्रेसिव्ह आहे, खालच्या भागात वाचायचा नंबर. गाडीवर मान जरा वर गेली की समोरचा रस्ता त्या खालच्या भागातून दिसतो आणि खड्डा पुसट होतो. म्हणून फक्त लांबच्या नंबरचा वेगळा चष्मा केला आहे, हेल्मेटमध्ये सरळ काड्यांचा जातो. आणि समोरच्या हेडलाइटचा त्रास होतो, म्हणून पहिले सहा महिने अंधारात गाडी काढायची नाही. ईव्हिनिंग ड्यूटी असेल त्या आठवड्यात लोकलनेच जाईन. ओढणी घेणार नाही, साडी गार्ड असला तरी. चाकात अडकलेल्या ओढणीच्या केसेस मी पाहिल्या आहेत, त्याबद्दल इथे लिहीत नाही. घोटा झाकणारे बूट घेतले आहेत.

पैसे माझेच आहेत, दर महिन्याला बाजूला टाकलेले, हप्ता नाही. शोरूमवाले म्हणाले पाडव्याला डिलिव्हरी घ्या. बाबांनाही मुहूर्त हवा होता. पण पाडव्याला तिथे पाय ठेवायला जागा नसते, सगळ्यांना हार घातलेली गाडी घेऊन घरी जायचं असतं, आणि अशा घाईत कोण कुणाची चेन आणि ब्रेक बघतो? म्हणून पाडव्याला पूजा करून पैसे भरायचे आणि गाडी पुढच्या आठवड्यात, मधल्या वारी सकाळी घ्यायची, असं आम्ही दोघांनी ठरवलं. चेसिस नंबर कागदाशी जुळवायचा, दोन्ही ब्रेक दाबून बघायचे, टायरला ओरखडा आहे का बघायचा.

त्यानंतरच्या शनिवारी तू ये. रविवारी सकाळी उजाडल्यावर निघू, मी पुढे, तू तुझ्या गाडीवर मागे. हायवेच्या सर्व्हिस रोडने मुलुंडपर्यंत जायचं आणि परत यायचं, बस. मला ओव्हरटेक करायचं नाही, हॉर्न वाजवायचा नाही. मी कुठे चुकते ते घरी आल्यावर सांग, रस्त्यात नको. शोरूममधून गाडी निघते तेव्हा टायरमध्ये कधी कधी हवा जास्तच भरलेली असते असं आमचा ब्रदर म्हणत होता. तुझ्याकडे तो हवा मोजायचा गेज आहे ना, तो आठवणीने घेऊन ये.

तुझी,
आई