ओकायामाच्या घरी राहायचं ठरवलंय

ती. बाबा आणि सौ. आई,
सा. न.

फोनवर विषय काढला की आई गप्प होते आणि बाबा ‘जेवलीस का’ विचारतात, म्हणून लिहितेय. जपानला शिकायला गेल्यावर ओकायामा शहरातल्या त्या जपानी कुटुंबाकडे राहायला मी होकार कळवला. युनिव्हर्सिटीच्या हॉस्टेलमधली जागा सोडली. काल रात्री त्यांची मेल आली आणि तेव्हापासून मला एका जागी बसवत नाहीये.

आई, तिकडच्या हॉस्टेलमध्ये आपल्याकडच्या चार मुली असतील, मिळून वरणभात लावतील, एकीला ताप आला तर दुसरी बघेल, हे तुझं सगळं पटतं मला. पण मग मी हिंदी-मराठीच बोलत राहीन. जपानी भाषेची एन-थ्री परीक्षा पास झाले, कांजी म्हणजे त्यांची चित्राक्षरं वाचता येतात, तरी समोरचा भरभर बोलायला लागला की माझी गाडी अडते. जेवताना, भांडी आवरताना, टीव्हीवरच्या बातम्यांवर बोलताना जी भाषा तोंडात बसते ती वर्गात बसत नाही. बाबा, मिरजेला काकूंच्या घरी राहून काढलेलं तुमचं वर्ष आठवा. अजून त्यांचं नाव निघालं की तुमचा आवाज बदलतो. तेवढं आठवलंत तरी मला जास्त सांगावं लागणार नाही.

आता सोयींचं. दोघंच असतात, साठीच्या पुढचे, मुलगी तोक्योला नोकरीला. तिची खोली मला. जमिनीवर तातामी म्हणजे गवती चटया, रात्री गादी अंथरायची, सकाळी घडी करून कपाटात ठेवायची, आजीकडे सुट्टीत करायचो तसं. अंघोळीचं तू दोनदा विचारलंस. अंग बाहेर साबण लावून स्वच्छ धुवायचं आणि मगच टबातल्या गरम पाण्यात बसायचं. पाणी सगळ्यांना तेच असतं, पण त्यात कोणी साबण नेत नाही. थंडीत खोल्या गार पडतात, म्हणून खालून हीटर असलेलं बुटकं टेबल आणि त्यावर गोधडी, पाय आत घालून बसायचं. माझे पाय गार पडतात हे मी त्यांना आधीच लिहून टाकलंय.

आणि जेवण. तिकडे सोयाबीनच्या साध्या मिसो सूपमध्येही बहुधा वाळवलेल्या माशाचा अर्क असतो, बघून कळत नाही. मी फक्त ‘शाकाहारी, अंडं चालतं’ एवढं लिहिलं होतं. त्या बाईंनी स्वतःहून विचारलं, कोंबू नावाचं समुद्री शेवाळ आणि सुके शिताके मशरूम रात्रभर भिजवून त्याच्या पाण्याचं सूप केलं तर चालेल का? सोबत फोटो होता. काचेच्या जगमध्ये तपकिरी पाणी, तळाशी फुगलेले दोन मशरूम, बाजूला चिठ्ठीवर माझं नाव काताकाना या त्यांच्या लिपीत. मी यायच्या आधीच करून बघितलं गं त्यांनी! तो फोटो मी किती वेळ बघत होते.

बाबा, २०१८च्या पुराचं तुम्ही वाचलंत. त्यात सगळ्यात जास्त पाणी भरलं ते शेजारच्या कुराशिकीतल्या माबी भागात. ओकायामा शहराचा पुराचा नकाशा नेटवर आहे, मी पत्ता टाकून बघितला, हे घर उंचावर आहे. आपल्या पुण्यात एकतानगरीत शिरलेलं पुराचं पाणी बघितल्यावर मी हे न बघता हो म्हणेन का? आजारपणाचंही सांगते. सरकारी आरोग्य विमा आम्हाला घ्यावाच लागतो आणि त्यात दवाखान्याच्या बिलाचे साधारण ३० टक्केच आपण द्यायचे.

आई, भाजी निवडता निवडता तू म्हणालीस, “मग काय, तिकडे मिळेलच तुला आई.” मी तेव्हा पाणी प्यायला उठले. तापात कपाळावरची घडी रात्रभर बदलणारी तू एकच आहेस गं. त्या बाई मला जेवायला घालतील, मी त्यांच्या हाताखाली काम करीन, जीवही लावीन त्यांना. तुझ्या वाटणीचं त्यातलं काही नाही. ते जिथे होतं तिथेच आहे.

ऑक्टोबरला सत्र सुरू होतं, तेव्हा दिवाळीला येता येणार नाही. पाडव्याला दादाला बोलावून घ्या, दोघांनीच बसू नका. फराळ पाठवायचा खटाटोप मात्र नको.

बाबा, तीन महिन्यांची शुगर चुकवायची नाही, रिपोर्टचा फोटो मला त्याच दिवशी हवा. ‘नॉर्मल आहे’ असा निरोप चालणार नाही. एफडी मोडू नका. परवानगी काढली की आठवड्याला २८ तासांपर्यंत काम करता येतं. पहिलं सत्र अभ्यासच करीन, पुढचं पुढे बघू. आई, माळ्यावर चढायचं नाही, डबे मी आले की काढते. गुडघ्याचा पट्टा कपाटात ठेवायला आणलेला नाही.

आपला साडेचारचा चहा म्हणजे तिकडचे रात्रीचे आठ. रोज तेव्हाच फोन करीन. आणि बाबा, तुम्ही सकाळी फिरायला जाता ते पु. ल. देशपांडे उद्यान ओकायामाच्या ज्या कोराकुएन बागेवरून बेतलंय, ते मूळ उद्यान या घरापासून सायकलच्या अंतरावर आहे. १७०० साली पूर्ण झालेलं. पहिल्याच रविवारी जाऊन तुम्हाला व्हिडिओवर सगळं फिरवते. कुठलं कशासारखं आहे ते तुम्ही सांगायचं.

शुक्रवारी रात्रीच्या गाडीने येतेय. मुगाची खिचडीच कर, वेगळं काही करत बसू नकोस. बाबांनी स्टेशनवर यायचं नाही, मी रिक्षाने येईन.

तुमची,
मनू