लोखंडानंतर थेट स्फोट?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतील ताऱ्यांवरचा लेख वाचला. भाषा रसाळ आहे, अभिनंदन. पण ‘लोखंडापेक्षा जड प्रत्येक मूलद्रव्य ताऱ्याच्या स्फोटातच जन्मते’ हे वाक्य चौकटीत, ठळक टाइपात छापण्याआधी कोणाला तरी दाखवायचे होते. मुंबईत त्यासाठी फार वणवण करावी लागत नाही. कुलाब्याला टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) आहे, मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे.

माझ्या रागाचे कारण घरगुती आहे. नात नववीत असताना शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात तिने हाच विषय घेतला होता. टेबलावर आमच्या देवघरातले तांब्याचे ताम्हण ठेवले होते. परीक्षकांनी आल्या आल्या विचारले, ‘काय, सत्यनारायण आहे का?’ (हसलो बापडे.) पोरीने नीट सांगितले. मोठ्या ताऱ्याच्या गाभ्यातला हेलियम संपत आला की निऑन-२२ वर हेलियमचे केंद्रक आदळते, मॅग्नेशियम-२५ तयार होते आणि एक न्यूट्रॉन सुटतो. त्याच्यावर विद्युतभार नसल्याने कोणतेही केंद्रक त्याला दूर लोटत नाही. आधीच्या पिढीतील ताऱ्यांनी मागे ठेवलेले लोखंड तिथे असतेच, ते हे न्यूट्रॉन एकेक करून पकडते. केंद्रक अस्थिर झाले की आतल्या न्यूट्रॉनचा प्रोटॉन होतो आणि मूलद्रव्य एक घर पुढे सरकते. असे २६ क्रमांकाच्या लोखंडापासून २९ क्रमांकाच्या तांब्यापर्यंत, पुढे साधारण स्ट्रॉन्शियमपर्यंत. ताम्हणातले बरेचसे तांबे हे असे, स्फोटाच्या कितीतरी आधी, सावकाश तयार झालेले आहे. स्फोटाने ते बाहेर उधळले, इतकेच.

यावर परीक्षक म्हणाले, ‘बाळ, लोखंडापाशी तारा संपतो.’ आणि पुरावा म्हणून मोबाइलवर आपल्याच दैनिकाचे कात्रण दाखवले! तक्त्यावर लाल पेनाने फुली मारली. पहिले बक्षीस अर्थातच खायच्या सोड्याने फसफसणाऱ्या ज्वालामुखीला. लोखंडापाशी ऊर्जा देणारे संमीलन, म्हणजे केंद्रके जुळून जड केंद्रक होणे, थांबते, हे खरे. पण न्यूट्रॉन पकडणे म्हणजे संमीलन नव्हे, एवढा फरक परीक्षकांना नसेल कळत, पुरवणीला तरी कळावा.

हे काही कालचे संशोधनही नाही. १९५२ मध्ये खगोलशास्त्रज्ञ मेरिल यांना काही लाल ताऱ्यांच्या प्रकाशात टेक्नेशियम हे लोखंडापेक्षा जड, किरणोत्सारी मूलद्रव्य सापडले. ते काही लाख वर्षांत विरून जाते, म्हणजे ते त्याच ताऱ्यांत, ते जिवंत असतानाच तयार झालेले असणार. १९५७ मध्ये बर्बिज दाम्पत्य, फाउलर आणि हॉयल या शास्त्रज्ञांनी ताऱ्यांत मूलद्रव्ये कशी घडतात याची सगळी मांडणीच केली. हॉयल म्हणजे नारळीकरांचे गुरू. नारळीकर गेले तेव्हा आपण पान भरून श्रद्धांजली छापली होती, ती मी जपून ठेवली आहे.

सोन्याचे प्रकरण वेगळे. त्याला न्यूट्रॉनचा भडिमार सेकंदांच्या हिशेबात लागतो. ऑगस्ट २०१७ मध्ये दोन न्यूट्रॉन ताऱ्यांची (स्फोटानंतर उरणाऱ्या अतिघन गाभ्यांची) टक्कर नोंदली गेली, तिच्या उजेडात अशा जड मूलद्रव्यांच्या खुणा दिसल्या. लेखात सोन्यावर चार परिच्छेद आहेत, या टकरीवर एक ओळ नाही.

आणि सोबतचे छायाचित्र! ‘मरणारा तारा’ म्हणून छापलेला तो मृग नक्षत्रातला तेजोमेघ आहे. तिथे तारे जन्माला येतात.

खुलासा छापणार असाल तर कृपया निविदा सूचनांच्या खाली नको. नातीला कात्रण काढायचे आहे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, दादर (प.)