स्वच्छ आवाजाचे स्पीकर

प्रिय श्रीकांत,

सप्रेम नमस्कार. स्वच्छ आवाजाच्या स्पीकरसाठी तू बजेट विचारलंस, पण आधी कानांची तयारी कर. दुकानात बहुतेक जण चकचकीत आवाजाला भुलतात. वरची पट्टी दोन-तीन डेसिबलनं उचललेली असली की टाळ, सतारीची तार सगळं टोकदार ऐकू येतं, पाच मिनिटं फार छान वाटतं, आणि तासाभरात कान थकतात. खरा स्वच्छ स्पीकर पहिल्या ऐकण्यात थोडा साधाच वाटतो, कारण तो पदरचं काही मिसळत नाही.

मिसळ होते ती बरीचशी खोक्यातून. वूफर (खालचे सूर वाजवणारा मोठा पडदा) हलला की खोक्याच्या भिंतीही थरथरतात आणि नेमक्या माणसाच्या गळ्याच्या पट्टीत बोलू लागतात. बीबीसीच्या इंजिनिअरांनी यावर भिंती जाड करण्याऐवजी पातळ प्लायवूड घेतलं आणि आतून डांबरी पत्रे चिकटवून थरथर मारली. १९७०च्या दशकातला त्यांचा एलएस३/५ए हा छोटा स्पीकर असाच: १२ मिलिमीटर बर्च प्लाय, जेमतेम ५ लिटरचा खोका, बाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाडीत निवेदकाचा आवाज तपासण्यासाठी केलेला. त्याला खोल बास नाही, मोठ्यानं वाजवला तर दम लागतो. तरी मधल्या पट्टीसाठी लोक आजही त्याचंच उदाहरण देतात.

म्हणून तपासणीही बोलण्यानं सुरू कर. जवळून रेकॉर्ड केलेला पुरुषाचा साधा आवाज लाव. छातीतून घुमल्यासारखा किंवा डब्यातून आल्यासारखा वाटला तर पुढे ऐकूच नकोस. मग नुसता तानपुरा. काळी एकच्या तानपुऱ्याचा खर्ज साधारण ६९ हर्ट्झला येतो. छोट्या स्पीकरात तो हलका पडेल, ते चालेल. पण जवारीची (घोडीवरच्या दोऱ्यानं तारेला येणारी) झणझण त्याच तारेतून उगवली पाहिजे. ती सुटी होऊन वर ट्वीटरपाशी (वरचे सूर वाजवणाऱ्या छोट्या पडद्यापाशी) लटकली, तर वूफर-ट्वीटरचा सांधा नीट जुळलेला नाही. दोन जोड्या ताडून बघताना फोनवरच्या मीटरनं आवाज सारखा करून घे. एक डेसिबल मोठा असलेला हमखास सरस वाटतो.

आता तुझी खोली. १२ बाय १०, उंचीही १०, खाली टाइल्स. रुंदी आणि उंची सारखी असल्यानं ५६ हर्ट्झच्या आसपास दुप्पट घुमणार, आणि डग्ग्याच्या घुमाऱ्याबरोबर गाणंही झाकलं जाणार. स्पीकर १० फुटी भिंतीकडे ठेव, एकमेकांपासून ६ फूट. बाजूच्या भिंती मग २ फुटांवर येतात. मागची अडीच फूट ठेव. दोन्ही अंतरं सारखी झाली तर दोन्ही भिंतींवरून परतणारे आवाज एकाच सुराला खड्डा पाडतात. तूही दोन्ही स्पीकरपासून ६ फुटांवर बस, ट्वीटर कानाच्या उंचीला. बाजूच्या भिंतीवरून कुणाला तरी आरसा सरकवायला सांग. बसल्या जागेवरून जिथे स्पीकर दिसेल तिथे पुस्तकांचं कपाट किंवा जाड पडदा हवा. मध्ये सतरंजी. एवढ्यानं जो फरक पडेल तो अँप्लिफायर (अँप) बदलून पडणार नाही.

वायरीवर पैसे घालवू नकोस. अडीच चौरस मिलिमीटरची साधी तांब्याची वायर ५ मीटरपर्यंत पुरते. लाल-काळं मात्र दोन्हीकडे सारखं जोड. एकीकडे उलटं झालं की बास गायब होतो आणि गायक मधे न राहता खोलीभर पसरतो. स्पीकर एका वॉटला एक मीटरवर ८३ डेसिबलच देणारा निघाला तर ५० वॉटचा चांगला अँप लागेल.

जुने मिळाले तर घे, पण वूफरभोवतीचा फोम बोटानं हलकेच दाबून बघ. आपल्या दमट हवेत तो पिठासारखा सुटतो. मग दोन्हीकडून सारखा दाब देऊन वूफरचा शंकू (कोन) आत ढकल. खरखर आली तर आतली तारेची कॉइल घासतेय, सोडून दे. ओहम मोजायच्या मीटरवर ८ ओहमचा वूफर साधारण ६ दाखवतो. ट्वीटर दोन्ही बाजूंचे वेगवेगळे ऐक, एक मंद असला तर आधी क्रॉसओव्हरचे (वूफर-ट्वीटरमध्ये सूर वाटून देणाऱ्या सर्किटचे) कपॅसिटर बदलून बघता येतात, तो खर्च किमतीतून वजा करून माग.

तुझा,
विनायक