वावर कुणाचं होतं?

फ्रेडरिक, मेरीलँड
६ जुलै

तीर्थरूप बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर सांगितलं की सुट्टीत लढाईची जागा पाहून आलो, तर तुम्ही लगेच विचारलंत, "किल्ला आहे का?" आणि फोन कटला. तुम्हाला कागदावरचं निवांत वाचायला आवडतं, म्हणून लिहूनच कळवते.

किल्ला नाही, बाबा. लहानपणी तुम्ही गाविलगडावर नेलं होतं, तसं तट-बुरूज-दरवाजे काहीतरी असेल म्हणून मीही मान वर करकरून पाहत होते. गेटिसबर्गला नुसती वावरं आहेत. गहू, गवत, लाकडी कुंपणं, मधेमधे दगडी धुरे आणि जिकडेतिकडे स्मारकं. म्हणे तेराशेच्या वर आहेत! इथून गाडीनं तासाभराचा रस्ता. १८६३ साली १, २ आणि ३ जुलैला अमेरिकेच्या यादवी युद्धातली सगळ्यात मोठी लढाई इथे झाली. गुलामगिरी टिकवायला फुटून निघालेली दक्षिणेकडची राज्यं एका बाजूला, उत्तरेचं सरकार दुसऱ्या बाजूला. मेलेले, जखमी, पकडलेले आणि बेपत्ता असे दोन्हीकडचे मिळून ५१ हजारांच्या आसपास. गाव केवढं, तर तेव्हा अडीच हजारसुद्धा वस्ती नव्हती.

तुमचे जावई सेनापतींच्या पुतळ्यांपाशी रमले. दक्षिणेच्या लीचा घोडा, उत्तरेच्या मीडचा घोडा. माझ्या डोक्यात मात्र तुमचाच प्रश्न घोळत होता. आपल्या गावात कुठे काही झालं की तुम्ही आधी विचारता, "वावर कुणाचं?" इथे त्याचं उत्तर जागोजागी पाटीवर लिहिलेलं आहे. लढाईच्या जागांची नावंच पिकांची आहेत. एक 'गव्हाचं शेत', ते रोझ नावाच्या शेतकऱ्याचं. जुलै महिना, म्हणजे गहू कापणीला आलेला. दुसऱ्या दिवशी दुपारभर ते शेत कधी याच्या, कधी त्याच्या ताब्यात गेलं. कापणी कसली होणार! एक 'पीचची बाग', ती शर्फी नावाच्या माणसाची. तो धर्मोपदेशक होता आणि त्याच्या पंथाला युद्धच मान्य नव्हतं. त्याच्या बागेत तोफा उभ्या राहिल्या आणि त्याचा कोठा जळाला, आत जखमी सैनिक असताना. आता तिथे पीचची झाडं पुन्हा लावली आहेत.

तिसऱ्या दिवशी लीनं साडेबारा हजार माणसं उघड्या रानातून सरळ समोरच्या टेकाडावर धाडली. जवळजवळ एक मैल. त्याचा स्वतःचा सरदार लाँगस्ट्रीट नको म्हणत होता. आम्ही तेच अंतर चाललो. मधे रस्ता लागतो, त्याच्या दोन्ही बाजूंना कुंपण. ती कुंपणं चढून जाताना किती माणसं पडली असतील! निघाले त्यांतले अर्धेअधिक मेले, जखमी झाले किंवा पकडले गेले. मला भर उन्हात पाणी पीत पीत जायला पाऊण तास लागला, आणि पायाला गोचीड चिकटली ती वेगळीच. इथली गोचीड ढोरांपुरती नसते, माणसालाही आजारी पाडते. घरी आल्यावर अर्धा तास पाय तपासत बसले.

त्या टेकाडावर, अगदी हाकेच्या अंतरावर, एक लहानसं पांढरं घर आणि कोठा आहे. ते अब्राहम ब्रायनचं. ज्याच्यासाठी पत्र लिहायला बसले तो हा माणूस. काळा, पण गुलाम नव्हे, स्वतंत्र. १८५७ साली त्यानं १२ एकर जमीन विकत घेतली होती. गहू, बार्ली, थोडी फळझाडं. लीची फौज येतेय म्हटल्यावर तो बायकापोरांना घेऊन पळाला, कारण ती फौज वाटेत सापडलेल्या काळ्या माणसांना धरून दक्षिणेत गुलामीत पाठवत होती, आधी स्वतंत्र असले तरी. परत आला तेव्हा कुंपणं गेलेली, खिडक्या फुटलेल्या, पीक आणि बाग तुडवलेली. त्यानं नुकसानभरपाईचा अर्ज केला १,०२८ डॉलरचा. मिळाले १५.

मी पाटी दोनदा वाचली. हे म्हणाले, "चल ना, पुढे तोफा आहेत." म्हटलं, तुम्ही व्हा पुढे.

आईला जेनी वेडचं सांगू नका, किंवा सांगाच. वीस वर्षांची मुलगी. तिसऱ्या दिवशी सकाळी पावाचं पीठ मळत होती, दोन दारं भेदून गोळी आत आली. गावातली लढाईत मेलेली ती एकच साधी नागरिक. ते घर आम्ही बाहेरूनच पाहिलं, आत जाववेना.

आणि हो, लिंकनचं भाषण. १९ नोव्हेंबरला सैनिकांच्या दफनभूमीच्या कार्यक्रमात मुख्य वक्ता दोन तास बोलला, लिंकन दोन मिनिटं. जगाला दोन मिनिटंच माहीत आहेत. आपल्या शाळेच्या स्नेहसंमेलनाला येणाऱ्या पाहुण्यांना हे कुणीतरी कळवायला हवं.

दुसऱ्या दिवशी आमच्या मेरीलँडमधलंच अँटिएटम पाहिलं. १७ सप्टेंबर १८६२, एका दिवसात २३ हजार मेले, जखमी झाले किंवा हरवले. तिथे एक पांदण आहे. अगदी आपली पांदण! वर्षानुवर्षं गाड्या जाऊन जाऊन खचलेली, दोन्हीकडे वर वावरं. दक्षिणेचे सैनिक त्यात दबा धरून बसले, आणि शेवटी तीच पांदण प्रेतांनी भरली. ज्या वाटेनं धान्य जायचं, तिला आता 'रक्ताची वाट' म्हणतात. मी खाली उतरून चालले. बंडीचा आवाज येईल असं वाटत होतं.

याच युद्धामुळे आपल्या वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता, माहीत आहे ना? उत्तरेच्या आरमारानं दक्षिणेची बंदरं अडवली, विलायतेतल्या गिरण्यांना कापूस मिळेना, मग सगळे व्यापारी वऱ्हाड-खानदेशाकडे धावले. मुंबईत शेअरचा धुमाकूळ. १८६५ला युद्ध संपलं आणि भाव कोसळला. आपल्या खापरपणजोबांनी तेव्हा चार पैसे गाठीला बांधले की पुढच्या वर्षीही तोच भाव मिळेल म्हणून कर्ज काढलं, हे घरात कुणाला ठाऊक आहे का? काकूंना विचारून पाहा.

पेरणी आटोपली का? पावसानं दडी मारली असं ऐकलं. दुबार पेरणीची वेळ आली तर बियाण्याला पैसे मी पाठवते, सावकाराकडे जाऊ नका. आणि गेल्या वर्षीच्या अतिवृष्टीचा पंचनामा झाला होता, त्याचे पैसे खात्यात आले का? किती आले ते नक्की आकडा लिहून कळवा.

आईला नमस्कार, काकूंनाही.

तुमची,
छोटी