मुख्याध्यापिका मॅडमना, एका आत्याकडून

आदरणीय मॅडम,

सा. न. वि. वि.

माझ्या भाचीला तुम्ही भर नोव्हेंबरात चौथीत बसवून घेतलंत, त्याबद्दल हे पत्र. शाळेत आभार मानायला आले की तुम्ही "अहो, हक्कच आहे तो तिचा" म्हणता आणि कामाला लागता. म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय, म्हणजे मधेच थांबवता येणार नाही.

आमचं गाव सुरगाणा तालुक्यातलं. भात-नागली निघाली की भाऊ-वहिनी दिंडोरीकडे द्राक्षाच्या कामाला येतात. विरळणीपासून खुड्यापर्यंत मुक्काम बागेवरच, आणि पोरंही बरोबर. यंदा पोरीला मी सातपूरला माझ्याकडेच ठेवून घेतलं. आधी एका दुसऱ्या शाळेत गेले, तर शाळा सोडल्याचा दाखला आणा, जन्माचा दाखला आणा, नाहीतर सरळ जूनमध्येच या. शेजारणी म्हणाल्या, आरटीईचा, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याचा फॉर्म भर. आपल्याकडे आरटीई म्हणजे खासगी शाळेतल्या 25 टक्के जागांची लॉटरी, नंबर लागला की नाही एवढंच. पण तो प्रवेश सुरुवातीच्या वर्गालाच मिळतो. नऊ वर्षांच्या पोरीला त्याचा काय उपयोग?

तुम्ही कागद मागायच्या आधी पोरीशी बोललात. मग मला बसवून समजावलंत, की 2009 चा हा कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू आहे. सहा ते चौदा वयाचं मूल वर्षात कधीही दारात आलं तरी घ्यायचं, दाखल्यावाचून अडवायचं नाही. जुन्या शाळेने दाखला द्यायला उशीर केला, तर जाब तिथल्या मुख्याध्यापकाला.

जन्मतारखेच्या रकान्यापाशी आम्ही अडलो. वहिनीला आठवत होतं ते इतकंच, की आवणी चालू होती आणि पाऊस धो-धो होता. अंगणवाडीतली नोंद चालेल, असं तुम्ही म्हणालात. गावच्या अंगणवाडीताईंनी रजिस्टरच्या पानाचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला, तारीख जुलैचीच निघाली.

वय चौथीचं आणि वाचन जेमतेम पहिलीचं. वर्गात पोरं हसतील म्हणून मीच म्हटलं होतं, खालच्या वर्गात बसवा. तुम्ही ठाम राहिलात. वयाप्रमाणे वर्ग, आणि मागे राहिलेलं भरून काढायला वेगळं शिकवणं, हेही त्याच कायद्यात आहे म्हणालात. कायदा लिहिणारे लिहून गेले. मधल्या सुट्टीत खिचडी खाऊन झाली की तिला पुस्तक उघडायला लावणाऱ्या बाई तुमच्या शाळेतल्या आहेत, त्यांनाही माझा नमस्कार सांगा. जोडाक्षर आलं की पोरगी अडायची. 'द्राक्ष' मात्र तिने पहिल्या झटक्यात वाचलं! बागेवर खोक्यांवर तेच छापलेलं बघत वाढलीय ना.

तुम्ही हक्क म्हणता ते खरंच. पण तोच कायदा त्या पहिल्या शाळेलाही लागू होता, आणि तिथून आम्ही परत आलो. म्हणून आभार तुमचेच मानते, कायद्याचे नाही.

धाकट्या भाच्याला जूनपर्यंत सहा पुरी होतील. त्याचा अंगणवाडीचा कागद आताच मागवून ठेवलाय. तोवर खुडाही आटोपलेला असेल, त्यामुळे भाऊ स्वतःच त्याला घेऊन येईल. तेव्हा पुढच्या हंगामात पोरांना बागेवर न्यायचं नाही, हे त्याला जरा दरडावून सांगा. माझं तो ऐकत नाही.

आपली नम्र,
चौथीतल्या पोरीची आत्या, सातपूर, नाशिक