निकालाच्या आधी तिघं एकदा बसून बोला

डब्लिन
७ जून २०२५

प्रिय दादा आणि वहिनी,

नमस्कार. फोनवर हे सगळं बोलता येत नाही कारण तुमचा फोन कायम स्पीकरवर असतो आणि चिऊ तिथंच कुठंतरी घुटमळत असते, मग मी पण "जेवलात का, पाऊस आहे का" एवढंच विचारून ठेवून देते. आज सुट्टी आहे म्हणून लिहूनच काढते. दोघांनी वाचा आणि वाचून झालं की तिलाही द्या, तिच्यापासून लपवण्यासारखं यात काही नाही.

परवा वहिनी म्हणाल्या की महिना झाला घरात टीव्ही लागला नाही, दादा रात्री दोन-दोन वाजता उठून चिऊच्या नीटच्या, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेच्या निकालासाठी, ती परीक्षा घेणाऱ्या एनटीएची साईट बघतो. निकाल १४ तारखेपर्यंत लावू असं त्यांनी आधीच सांगून ठेवलंय, तरी बघतो. वहिनींचे सोमवार तर चालूच होते, आता सिद्धेश्वराला अनवाणी जाणं पण सुरू झालंय. मी याला नावं ठेवत नाही. लातूरचा क्लास, होस्टेल, मेस, दर रविवारी डबा घेऊन जाणं, हे सगळं तुम्ही कसं निभावलंत ते मला माहितीये. ४ मे ला सेंटरच्या बाहेर त्या उन्हात तुम्ही दोघं संध्याकाळी पेपर सुटेपर्यंत बसून होता, चिऊचे कानातले रुमालात बांधून वहिनींनी मुठीत धरले होते, तो फोटो दादाने पाठवला होता आणि तो बघून मला इथं वॉर्डात रडू आलं. एवढं केल्यावर जीव टांगणीला लागणारच की.

पण दादा, त्या टांगणीच्या नादात एक काम राहून जातंय आणि ते निकालाच्या आधीच करायचं काम आहे. तिला नक्की काय काय चालेल, काय नाही, हे तुम्ही अजून तिला नीट विचारलेलंच नाही. निकाल लागला की त्या रात्री कुणाचंच डोकं ठिकाणावर नसणार, चांगला लागला तरी नसणार आणि कमी लागला तर अजिबातच नसणार. पै-पाहुण्यांचे फोन, क्लासवाल्यांचे फोन, आणि त्या गोंधळात कुणीतरी एक वाक्य बोलून जातं, "आता एक वर्ष रिपीट कर" किंवा "जाऊ दे, नर्सिंगला टाकू", आणि तेच मग ठरून जातं. त्यापेक्षा आत्ता, हातात आठवडा आहे तोवर, तिघं बसा.

आधी त्या कटऑफचं बोलते कारण मला वाटतं तुमची निम्मी भीती तिथून आलीये. ३ तारखेला एनटीएची उत्तरांची यादी (आन्सर की) आल्यावर चिऊने मार्क मोजले, पाचशेच्या थोडे वर येतात. आणि दादाने गेल्या वर्षीची कटऑफची यादी काढून तिच्यासमोर ठेवली. अरे दादा, गेल्या वर्षीचं आणि यंदाचं कसं जुळवतोस? २०२४ ला पहिल्या निकालात ६७ मुलांना ७२० पैकी ७२० होते, नंतर ग्रेस मार्कांची भानगड झाली, १५६३ मुलांचे ग्रेस मार्क काढून त्यांना फेरपरीक्षेचा पर्याय दिला, शेवटी सुप्रीम कोर्टात जाऊन सुधारित निकालात १७ उरले. त्या वर्षी सहाशेच्या वर मार्क असून कितीतरी पोरांना सरकारी सीट मिळाली नाही. यंदा फिजिक्सने भल्याभल्यांना रडवलंय, १८० प्रश्नांना १८० मिनिटं, पूर्वीचे ऑप्शनचे प्रश्न पण काढून टाकले. मार्क सगळ्यांचेच खाली येणार, मग कटऑफ वर कसा राहील? ॲडमिशन रँकवर मिळते, मार्कांवर नाही, आणि रँक अजून कुणालाच माहिती नाही, त्या यूट्यूबवाल्यांना पण नाही. पास होणं आणि सीट मिळणं यात मात्र लई अंतर आहे. देशभरातून २२ लाखांच्या वर फॉर्म आलेत आणि एमबीबीएसच्या सीटा सगळ्या धरून सव्वा लाखाच्या आत, म्हणून खोटी आशा पण मी देत नाही. फक्त ती जुनी यादी कपाटात टाक, तिच्यासमोर पुन्हा काढू नकोस.

आता वहिनी, तुमच्याशी बोलते, रागावू नका. तुमचं म्हणणं की मिळालं तर सोलापुरातच मिळू दे, वैशंपायन मेडिकल घरापासून रिक्षाने जाण्यासारखं, पोरगी दोन वर्षं बाहेर राहिली आता नजरेसमोर राहील. मला तुमची ओढ कळते, मी इतक्या लांब राहते तर मला नाही कळणार? पण कॉलेजांच्या पसंतीक्रमाचा प्रेफरन्स फॉर्म भरताना ही ओढ मधे आणू नका. २०२० ला तो ७०:३० चा विभागवार कोटा रद्द झाला, आता विदर्भ, मराठवाडा, उर्वरित महाराष्ट्र असं काही राहिलं नाही, राज्यातल्या मुलांसाठीच्या ८५ टक्के सीटांत नागपूर, अकोला, गोंदिया, नंदुरबार सगळं तिला खुलं आहे. आणि धाराशिवला पण सरकारी कॉलेज झालंय, ते तर तासा-दीड तासावर. फॉर्ममधे तिला जे कॉलेज सगळ्यात जास्त हवं ते पहिलं टाकायचं, मग दुसरं, मग तिसरं, "हे मिळणारच नाही" म्हणून वरचं गाळायचं नाही, वर टाकल्याने खालचं हातचं जात नाही. आणि लांबचं आहे म्हणून सरकारी सीट सोडायची तर अजिबात नाही. साडेचार वर्षं आणि एक वर्ष इंटर्नशिप, काढेल ती. लातूरला काढलीच की दोन.

इथं आयर्लंडमधे पण सध्या हेच वातावरण आहे. बारावीसारखी लिव्हिंग सर्ट नावाची परीक्षा असते, ती या बुधवारीच सुरू झाली. माझ्या वॉर्डातल्या एका सिस्टरचा मुलगा यंदा बसलाय, त्याला पण मेडिसिनच पाहिजे. इथं मेडिसिनला बारावीचे पॉइंट्स आणि वरून एचपॅट म्हणून वेगळी परीक्षा, दोन्हीची बेरीज करतात, निकाल थेट ऑगस्टमधे. पण मला जे आवडलं ते असं की मुलांकडून कोर्सची पसंती क्रमाने आधीच लिहून घेतात, डिग्रीसाठी दहापर्यंत, आणि १ जुलैपर्यंत ती बदलायची मुभा असते. म्हणजे परीक्षा झाल्यावर पण निकालाच्या आधी पोरगं शांतपणे म्हणू शकतं की माझा विचार बदलला, चौथ्या नंबरचं दुसऱ्यावर घ्या. ती सिस्टर सांगत होती, आम्ही नवरा-बायको आणि पोरगा जेवणाच्या टेबलावर तो कागद घेऊन बसलो, त्याने तिसऱ्या नंबरला रेडिओग्राफी टाकली आणि आम्हाला तेव्हा पहिल्यांदा कळलं की त्याला त्यात पण रस आहे. मला तेव्हा आपली चिऊ आठवली.

कारण चिऊ माझ्याशी बोलली आहे. तिनेच सांगितलं, आत्या तू बोल त्यांच्याशी. तिला एमबीबीएसच हवंय, मनापासून, ते तुम्ही तिच्यावर लादलेलं नाही. लहान असताना दादा तू तिला भैय्या चौकात डॉक्टर कोटणीसांचं स्मारक दाखवायला नेलं होतंस ना, आपल्या सोलापूरचा माणूस १९३८ ला चीनला गेला, जखमी सैनिकांवर उपचार करता करता १९४२ ला बत्तिसाव्या वर्षी तिथंच गेला, ते ऐकून आल्यापासून ती म्हणते मी डॉक्टर होणार. ते अजून तसंच आहे. पण नाही झालं तर तिला बीडीएस, म्हणजे दातांचं, नकोय, स्पष्ट नको म्हणाली. फिजिओथेरपी चालेल म्हणाली, त्याला पण नीटचाच स्कोअर लागतो. बीएएमएसचं, म्हणजे आयुर्वेदाचं, अजून तिचं ठरत नाही. आणि रिपीट करायचं झालं तर घरी राहून करेन, परत होस्टेलला जाणार नाही, तिथं शेवटचे काही महिने ती रात्री झोपत नव्हती हे तिने तुम्हाला सांगितलेलं नाही. मी सांगतेय कारण तिने सांगायला सांगितलंय. कृपा करून त्यावरून तिला उलटतपासणी करू नका, फक्त ऐकून घ्या.

फिजिओ म्हणलं की दादा तू तोंड वाकडं करशील, मला माहितीये. तर ऐक. माझ्या वॉर्डात खुब्याचं हाड मोडलेल्या म्हाताऱ्या बायका येतात. ऑपरेशन सर्जन करतो, तासा-दोन तासात तो मोकळा. दुसऱ्या दिवशी सकाळी फिजिओची पोरगी येते, बाई घाबरून पलंगाची कड सोडत नाही, ही तिच्या कमरेला पट्टा बांधते, समोर वॉकर ठेवते आणि एक पाऊल टाकेपर्यंत तिच्याशी बोलत राहते. ते पाऊल पडलं नाही तर छातीत कफ साठतो, पाठीला जखमा होतात, न्यूमोनिया होऊन माणूस जातं. हे मी रोज बघते. ऑपरेशन कितीही चांगलं झालं तरी तिला घरी चालत पाठवणारी ती फिजिओची पोरगी असते. त्या कामाला कमी म्हणायची माझी तरी हिंमत नाही.

आणि तो एजंट. जॉर्जियाला एवढ्या-एवढ्यात एमबीबीएस होतं म्हणून त्याचे तीन वेळा फोन आले म्हणालास. त्याला एक रुपया देऊ नकोस, "सीट ब्लॉक करायला" म्हणून पण नाही. बाहेर शिकून आलेल्यांसाठी २०२१ पासून नियम कडक आहेत, ५४ महिन्यांचा कोर्स पाहिजे, तो इंग्रजीतून पाहिजे, १२ महिन्यांची इंटर्नशिप त्याच संस्थेत पाहिजे, त्या देशात प्रॅक्टिसचं लायसन मिळण्याजोगी डिग्री पाहिजे, आणि मग इकडे येऊन परत परीक्षा, तिच्यात निम्मे पण पास होत नाहीत. २०२२ ला युक्रेनमधून हजारो पोरं अर्धं शिक्षण सोडून परत आली ते आपण टीव्हीवर बघितलंच. बाहेर जाऊच नये असं नाही, पण हे सगळं कागदावर तपासून, आणि तिची इच्छा असेल तर. एजंटचं ऐकून घाईत नाही.

त्यापेक्षा या आठवड्यात कागदांमागे लाग. सेतू केंद्रात जा आणि नॉन क्रिमीलेयरचा दाखला बघ, ते ३१ मार्च २०२६ पर्यंत चालणारं पाहिजे, जुनं चालणार नाही. डोमिसाईल आहे का बघ. जातपडताळणी झाली आहे तरी त्यावरच्या नावाचं स्पेलिंग दहावीच्या मार्कलिस्टशी जुळतंय का ते अक्षर न् अक्षर बघ, याच्यावरून पोरांची सीट अडते. आप्पांचा शाळेचा उतारा, १९६७ च्या आधीचा, तो आईच्या लोखंडी कपाटात खालच्या खणात साडीच्या दुकानाच्या पिशवीत आहे, मी मागच्या वेळी तिथंच ठेवलाय, त्याच्या पण दोन-तीन झेरॉक्स काढून ठेव. आणि उत्पन्नाचा दाखला विसरू नकोस. मागच्या जुलैत सरकारने काढलंय की उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर ओबीसी, एसईबीसी, ईडब्ल्यूएस मुलींची ट्यूशन फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ. आपण त्यात बसतो. कॅपमधून, म्हणजे सरकारी प्रवेश फेरीतून, मिळालेल्या सीटला आहे ते, मॅनेजमेंट कोट्याला नाही. बाकी होस्टेल, मेस, पुस्तकं यांचं मी बघते, त्यावर वाद नको.

निकालाच्या दिवशी एवढंच करा की मोबाईल तिच्या हातात द्या. तिचा निकाल तिला आधी बघू द्या, तुम्ही बाजूला बसा, ती दाखवेल तेव्हा बघा. आणि कुणाला सांगायचं, किती सांगायचं, ते पण तिलाच विचारा. शेजारपाजारचे, नातेवाईक, सगळ्यांना दोन दिवस "अजून बघतोय" एवढंच सांगा, काही बिघडत नाही. त्या रात्री रिपीटचा विषय कुणीही काढायचा नाही, आईने पण नाही, तिला तुम्ही समजावा.

माझी त्या दिवशी ड्युटी आहे पण इथल्या एक वाजता ब्रेक असतो, तुमचे साडेपाच. तेव्हा फोन करा, चिऊला करायला सांगा. आईच्या बीपीच्या गोळ्या वेळेवर चालू आहेत ना ते पण तेव्हा सांगा. यंदा मे मधेच पाऊस आलाय तर पाण्याची बोंब कमी असेल असं धरते, नाहीतर नळाला पाणी यायच्या दिवशीच निकाल लागायचा.

आईला नमस्कार, चिऊला खूप खूप पापा.

तुझी धाकटी

ता. क. ज्या नंबरवरून नीटचा फॉर्म भरलाय ते सिम वहिनींच्या जुन्या फोनमधे आहे ना, त्याला आजच रिचार्ज मार. ओटीपी लागला की तो त्याच नंबरवर येणार.