पायाऐवजी हाताने चालवायच्या गाडीला 'मॉडिफाइड' म्हणून लावलेल्या लोडिंगबद्दल (जादा प्रीमियमबद्दल) तक्रार

भांडुप, मुंबई
14 जुलै

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
मोटर विमा विभाग

विषय: दिव्यांग चालकासाठी आरटीओच्या नोंदीसह केलेल्या बदलावरचे 20 टक्के लोडिंग रद्द करणे, 50 टक्के सवलत देणे आणि जास्तीचे 8,496 रुपये परत करणे.

महोदय/महोदया,

जून महिन्यात मी तुमच्या कंपनीकडून माझ्या आयुष्यातल्या पहिल्या गाडीची पॅकेज पॉलिसी घेतली. तिच्या पहिल्या पानावर 'मॉडिफाइड व्हेइकल, लोडिंग 20%' अशी एक ओळ आहे. माझी तक्रार त्या ओळीबद्दल आहे.

सहा वर्षांपूर्वी विक्रोळीजवळ मी गर्दीच्या लोकलमधून पडले आणि माझा उजवा पाय गुडघ्याखालून गेला. कृत्रिम पाय लावून मी चालते, ऑफिसलाही जाते, पण संध्याकाळच्या लोकलमध्ये चढणं आता माझ्याच्याने होत नाही. रोज टॅक्सी परवडत नाही. म्हणून मामांची तीन वर्षं जुनी, 1197 सीसीची ऑटोमॅटिक हॅचबॅक विकत घेतली आणि तिला हँड कंट्रोल बसवला. स्टिअरिंगच्या बाजूला एक लिव्हर असतो. तो पुढे ढकलला की ब्रेक लागतो, आपल्याकडे ओढला की गाडी वेग घेते. आतल्या बाजूने दोन दांडे मूळच्या पेडलांना जोडलेले असतात. इंजिन, ब्रेक, गिअरबॉक्स, वायरिंग, कशालाही हात लागलेला नाही. पेडलं जागेवर आहेत, त्यामुळे माझा भाऊ हीच गाडी पायाने चालवतो. गाडी वडाळा आरटीओत नेऊन तपासून घेतली आणि आरसीवर (गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर) बदलाची नोंद करून घेतली. माझं लायसन्सही अडॅप्टेड व्हेइकलचंच आहे. ही सगळी कागदपत्रं मी पॉलिसी काढतानाच तुमच्या प्रतिनिधीला दिली होती. मी काहीही लपवलं नाही.

आता हिशोब. बदलाची माहिती देण्याआधी तुमच्या कोटेशनमध्ये ओन डॅमेजचा, म्हणजे माझ्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याचा, प्रीमियम 9,200 रुपये होता. माहिती दिल्यावर त्यावर 20 टक्के लोडिंग म्हणून 1,840 रुपये चढले. किटची किंमत 38,000, तिच्यावर 4 टक्क्यांनी आणखी 1,520. एकूण 12,560. किटवरचे 1,520 मला मान्य आहेत, कारण किटचाही विमा उतरतोय. थर्ड पार्टीचे, म्हणजे दुसऱ्यांच्या नुकसानीच्या विम्याचे, 3,416 रुपये सरकारने ठरवलेले आहेत, 1000 ते 1500 सीसीच्या प्रत्येक खासगी गाडीला तेच लागतात, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दलची प्रीमियमवरची सूट) मिळाला नाही, तेही समजू शकते. मामांचा बोनस मामांबरोबर राहतो, गाडीबरोबर माझ्याकडे येत नाही. एक वर्ष क्लेम न करता काढलं की मला पहिले 20 टक्के मिळतील, ते मी कमावीन.

पण हे 1,840 कशाचे?

मी तुमच्या हेल्पलाइनवर तीनदा फोन केला. पहिल्यांदा सांगण्यात आलं की सिस्टीम आपोआप लावते. दुसऱ्यांदा सांगितलं, "मॅडम, नवीन ड्रायव्हर, त्यात मॉडिफाइड गाडी, रिस्क जास्त धरतात." तिसऱ्यांदा तर सर्वोच्च न्यायालयाने गाडीत बदल करायला बंदी घातली आहे, तुमची पॉलिसी झाली हेच नशीब समजा, असं ऐकवलं. ते वाक्य ऐकून मी फोन ठेवला आणि बराच वेळ तशीच बसून राहिले.

तो निकाल जानेवारी 2019 चा आहे आणि तो उत्पादकाच्या मूळ स्पेसिफिकेशनच्या विरुद्ध केलेल्या बदलांबद्दल आहे. ज्या मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 वर तो उभा आहे, त्याच कलमात दिव्यांग व्यक्तीसाठी वाहनात बदल करण्याची वाट दिलेली आहे. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन 'इनव्हॅलिड कॅरेज' हा जुना शब्द गेला आणि 'अडॅप्टेड व्हेइकल' आला. माझी गाडी कायद्याने नाव देऊन मान्य केलेली आहे. तुमच्या फोनवरच्या मुलांना हे माहीत नसेल तर दोष त्यांचा नाही, त्यांना शिकवणाऱ्यांचा आहे.

याहून महत्त्वाची गोष्ट तुमच्याच पॉलिसीच्या पुस्तिकेत आहे. आयएमटी 12 हे एंडॉर्समेंट (पॉलिसीला जोडायचं ठरावीक कलम) वाचा. अंध, अपंग किंवा मतिमंद व्यक्तीसाठी खास बनवलेल्या वा बदल केलेल्या वाहनाची तशी नोंद आरसीवर असेल, तर ओन डॅमेजच्या प्रीमियमवर 50 टक्के सवलत मिळते. (शब्द त्या काळचे आहेत, मी तसेच ठेवले.) म्हणजे माझा प्रीमियम 9,200 अधिक 1,520, असे 10,720 आणि त्याचे निम्मे, 5,360 यायला हवा होता. तुम्ही 12,560 घेतले. फरक 7,200, त्यावर 18 टक्के जीएसटी 1,296, एकूण 8,496 रुपये. सवलत द्यायच्या जागी तुम्ही दंड लावलात.

सीएनजी किटचं तुम्ही काय करता ते पाहा. बाहेरून बसवलेल्या किटमध्ये 200 बार दाबाचं सिलिंडर डिकीत असतं, दर तीन वर्षांनी त्याची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने चाचणी) करावी लागते. त्यावर तुम्ही किटच्या किमतीच्या 4 टक्के आणि थर्ड पार्टीत 60 रुपये घेता. गाडीला 'मॉडिफाइड' म्हणून 20 टक्के लावत नाही, कारण सीएनजीचा तुमच्या फॉर्मवर वेगळा रकाना आहे. हँड कंट्रोलला रकाना नाही, म्हणून तो 'इतर बदल' मध्ये ढकलला गेला, ज्यात रुंद टायर, बदललेला एक्झॉस्ट आणि इंजिनचं रिमॅपिंग येतं.

आमच्या सोसायटीतल्या एका मुलाने गेल्या वर्षी लायसन्स मिळाल्या मिळाल्या कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून रुंद अलॉय, मोठा एक्झॉस्ट आणि अ‍ॅम्प्लिफायर बसवून घेतला. ऑनलाइन विमा काढताना बदल आहेत का, या प्रश्नावर 'नाही' वर टिक केली. त्याला लोडिंग लागलं नाही. त्याच्या आईला मी सांगितलं की अपघात झाला तर विमा कंपनीचा सर्व्हेयर गाडी बघणार, न कळवलेल्या बदलांवरून क्लेम कापला जाईल किंवा नाकारला जाईल, आणि एक्झॉस्टसारखा बदल आरटीओत नोंदवूनही मिळणार नाही. त्या म्हणाल्या, "अगं, तू खरं सांगितलंस, तुला काय मिळालं?" त्यांना द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हतं. नवीन गाडी चालवणाऱ्या मुलांनी खरं सांगावं असं तुम्हाला वाटत असेल, तर खरं सांगणाऱ्याला आधी नीट वागवा. नवा चालक पहिल्याच वर्षी शिकतो की फॉर्म कसा भरायचा. तो काय शिकतो, हे तुमच्या हातात आहे.

माझी मागणी अशी. लोडिंगची ओळ पॉलिसीतून काढावी आणि तिच्या जागी आयएमटी 12 छापून द्यावं. 8,496 रुपये माझ्या खात्यात परत करावेत. सवलत नाकारायचीच असेल तर ती कोणत्या अटीवर नाकारली ते लेखी कळवावं, फोनवर नको. आणि तुमच्या फॉर्मवर दिव्यांग चालकाच्या बदलासाठी वेगळा रकाना द्यावा, म्हणजे माझ्यानंतर येणाऱ्याला हे पत्र लिहावं लागणार नाही. कृत्रिम अवयव केंद्रात माझ्या ओळखीची दोन मुलं याच वर्षी गाडी घेणार आहेत. त्यांनी मला विचारलं आहे की कोणत्या कंपनीकडे जायचं. मी अजून काही सांगितलेलं नाही.

महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा ते समाधानकारक नसलं, तर मी विमा नियामकाच्या 'विमा भरोसा' पोर्टलवर तक्रार नोंदवीन आणि विमा लोकपालांच्या कार्यालयात अर्ज देईन. ती वेळ तुम्ही येऊ देणार नाही अशी आशा आहे.

आरसी, लायसन्स, दिव्यांगत्व प्रमाणपत्र, किटचं बिल आणि पॉलिसीच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. गाडी प्रत्यक्ष पाहायची असेल तर सर्व्हेयरला कोणत्याही रविवारी सकाळी पाठवा. मी स्वतः चालवून दाखवीन.

आपली,
पॉलिसीधारक
(सही)